दोन राज्यांत घर, एकच तब्येत: अमेरिकेतल्या निवृत्तांचे मेडिकेअर आणि औषधोपचाराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबर लागला की न्यू जर्सीतलं घर आवरायचं, पाण्याची मेन बंद करायची आणि फ्लोरिडा गाठायचं. एप्रिलात पुन्हा उलटा प्रवास. गेली अकरा वर्षं आम्ही दोघं असंच राहतो. आमच्यासारखी मराठी कुटुंबं आता बरीच आहेत. कुणी मिशिगन आणि ॲरिझोना सांभाळतं, कुणी सहा महिने मुलाकडे टेक्ससला आणि सहा महिने मुलीकडे कॅलिफोर्नियात असतं. मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाची ताटं हातात असतानाच लोक मला विम्याचं विचारतात, म्हणून नेहमीचे प्रश्न एकदा नीट लिहून काढले. मी विमा विकत नाही. आमच्या ह्यांच्या आजारपणात जे शिकावं लागलं आणि नंतर दुसऱ्यांचे कागद वाचताना जे समजलं, ते इथे आहे.

आमचं मेडिकेअर दुसऱ्या राज्यात चालतं का?

मेडिकेअर म्हणजे मुख्यतः ६५ वर्षांवरच्यांचा सरकारी आरोग्य विमा. मूळ मेडिकेअर, म्हणजे पार्ट ए (हॉस्पिटलचा खर्च) आणि पार्ट बी (डॉक्टरांचा खर्च), पन्नासही राज्यांत सारखंच चालतं. ते केंद्र सरकारचं आहे, राज्याचं नाही. मेडिकेअर घेणारा कुठलाही डॉक्टर, कुठलंही हॉस्पिटल, कुठल्याही गावात. रेफरल, म्हणजे फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी, लागत नाही आणि नेटवर्कही, म्हणजे विमा कंपनीने ठरवलेल्या डॉक्टरांची यादीही, बघावं लागत नाही.

राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मेडिकेअरच्या कायद्यावर ३० जुलै १९६५ रोजी सही केली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, ३ ऑक्टोबरला, त्यांनी इमिग्रेशनच्या नव्या कायद्यावर सही केली, आणि त्यामुळेच आपल्यासारख्यांना या देशाची दारं उघडली. ज्या वर्षी आपल्याला यायची परवानगी मिळाली, त्याच वर्षी आपल्या म्हातारपणाचीही सोय झाली, हे मला अजून फार हृद्य वाटतं.

पण मूळ मेडिकेअर सगळा खर्च उचलत नाही. पार्ट बीचं डिडक्टिबल, म्हणजे दरवर्षी आधी आपण भरायची रक्कम, भरलं (२०२६ साली ते २८३ डॉलर आहे) की डॉक्टरच्या बिलाचा वीस टक्के भाग आपल्याकडे राहतो, आणि त्या वीस टक्क्यांना वरची मर्यादा नाही. बायपासच्या बिलाचे वीस टक्के म्हणजे किती, याचा हिशोब ज्याने त्याने करावा. हा भाग भरून काढायचे दोन मार्ग आहेत: मेडिगॅप (मूळ मेडिकेअरला जोडून घ्यायची खासगी पुरवणी पॉलिसी) किंवा मेडिकेअर ॲडव्हान्टेज (मूळ मेडिकेअरऐवजी खासगी कंपनीमार्फत घ्यायचा प्लॅन). दोन राज्यांत राहणाऱ्याची खरी परीक्षा इथेच आहे.

ॲडव्हान्टेज प्लॅनचा प्रीमियम शून्य आहे, वर दात आणि चष्माही मिळतो. मग तोच का घेऊ नये?

एकाच गावात बारा महिने राहणाऱ्याला तो चांगला असू शकतो. पण हे प्लॅन काउंटीनुसार, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागानुसार, विकले जातात. तुमचा प्लॅन न्यू जर्सीतल्या मिडलसेक्स काउंटीचा असेल तर त्याचे डॉक्टर मिडलसेक्समध्ये आणि आसपास असणार. एचएमओ, म्हणजे फक्त नेटवर्कमधलेच डॉक्टर चालणारा प्लॅन, असेल तर तुम्ही फ्लोरिडातल्या टॅम्पात असताना इमर्जन्सी आणि तातडीचे उपचार मिळतात, कारण ते देशभर कुठेही द्यावेच लागतात. प्रवासात तात्पुरतं डायलिसिसही मिळतं. पण गुडघ्याची फिजिओथेरपी, हृदयाच्या डॉक्टरकडची ठरलेली भेट, सहा महिन्यांनी करायचा स्कॅन यांतलं काहीच मिळत नाही. पीपीओ असेल तर नेटवर्कबाहेरचा डॉक्टर चालतो, मात्र आपला वाटा जास्त असतो आणि त्या डॉक्टरने तुम्हाला घेतलंच पाहिजे असंही नाही.

आपल्या आयुष्यातला बहुतेक औषधोपचार इमर्जन्सीचा नसतो. दर महिन्याची रक्ततपासणी, पायाची जखम, डोळ्यांत घ्यायचं इंजेक्शन अशीच कामं असतात. पाच महिने ती लांबणीवर टाकायची, किंवा प्रत्येक वेळी विमान पकडून परत यायचं, हे सत्तरीनंतर झेपत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. दोन राज्यांत राहायचं ठरलं असेल आणि परवडत असेल, तर मूळ मेडिकेअर, मेडिगॅप आणि औषधांसाठी वेगळा पार्ट डी घ्यावा. प्रीमियम जातो, पण डॉक्टर कुठल्या राज्यातला आहे हा प्रश्नच उरत नाही.

सहा महिन्यांचा नियम काय आहे?

ॲडव्हान्टेज प्लॅनच्या क्षेत्राबाहेर तुम्ही सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिलात तर प्लॅन तुमचं नाव काढू शकतो. काही प्लॅनमध्ये ‘ट्रॅव्हलर बेनिफिट’ असतो, त्यात ही मुदत बारा महिन्यांपर्यंत जाते आणि दुसऱ्या राज्यातही नेटवर्कचा दर मिळतो. आपल्या प्लॅनमध्ये तो आहे का, आणि असल्यास आपल्या दुसऱ्या घराच्या काउंटीत लागू होतो का, हे ‘एव्हिडन्स ऑफ कव्हरेज’ नावाच्या जाडजूड पुस्तिकेत लिहिलेलं असतं. एजंटचं तोंडी उत्तर पुरेसं धरू नका.

हिवाळ्यापुरतं दुसरीकडे राहणं म्हणजे घर बदलणं नव्हे, हेही लक्षात ठेवा. नुसतं फ्लोरिडाला गेलात म्हणून मधेच प्लॅन बदलायची मुभा मिळत नाही. कायमचा पत्ता बदलला तरच ती मिळते.

आत्ता ॲडव्हान्टेज घेतो, पुढे गरज पडली तर मेडिगॅप घेऊ. चालेल ना?

या एका समजुतीपायी मी सगळ्यात जास्त लोकांना हळहळताना पाहिलंय.

वय ६५ पूर्ण आणि पार्ट बी सुरू, या दोन्ही गोष्टी जुळल्या की त्या महिन्यापासून सहा महिने मेडिगॅपची खुली मुदत असते. या काळात कंपनीला तुमच्या तब्येतीबद्दल विचारून नकार देता येत नाही. मधुमेह असो, स्टेंट असो, कॅन्सर होऊन गेलेला असो, पॉलिसी द्यावीच लागते. ही मुदत सरली की बहुतेक राज्यांत कंपनी प्रश्नावली पुढे करते आणि सरळ नाही म्हणू शकते.

दरवर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर टीव्हीवर जाहिरातींचा भडिमार असतो, त्यामुळे लोकांना वाटतं की त्या काळात सगळंच बदलता येतं. ती मुदत ॲडव्हान्टेज आणि पार्ट डी यांच्यासाठी आहे. ॲडव्हान्टेज सोडून मूळ मेडिकेअरवर जरूर याल, पण मेडिगॅप कंपनी तुम्हाला घेईलच याची हमी त्यात नाही.

काही वाटा मात्र उघड्या आहेत. ६५ पूर्ण होताच पहिल्यांदा ॲडव्हान्टेज घेतला असेल तर पहिल्या बारा महिन्यांत तो सोडून मेडिगॅप घेण्याचा हक्क असतो. आधी मेडिगॅप होता, तो सोडून पहिल्यांदाच ॲडव्हान्टेजवर गेलात, तर वर्षाच्या आत परत यायची सोय आहे. न्यू यॉर्क आणि कनेक्टिकट या राज्यांत मेडिगॅप वर्षभर कधीही, तब्येत न विचारता द्यावा लागतो. आणि तुम्ही प्लॅनच्या क्षेत्राबाहेर कायमचे राहायला गेलात तर काही ठरावीक मेडिगॅप पॉलिसी तब्येतीच्या प्रश्नाशिवाय घेण्याचा हक्क मिळतो. जुनं संरक्षण संपल्यापासून ६३ दिवसांत तो वापरावा लागतो. ही शेवटची वाट फार थोड्यांना ठाऊक असते.

आमच्या ओळखीतले एक काका ६६व्या वर्षी धडधाकट होते, रोज चार मैल चालायचे. शून्य प्रीमियमचा प्लॅन घेतला तेव्हा काहीच अडलं नाही. ७१व्या वर्षी ॲरिझोनात घर घेतलं, त्याच वर्षी पार्किन्सनचं निदान झालं. जुन्या घरचा पत्ता त्यांना सोडायचा नव्हता, म्हणून क्षेत्र बदलल्याचा हक्कही नाही. चार कंपन्यांनी नकार दिला. आता हिवाळ्यात न्यूरॉलॉजिस्टकडे जायचं झालं की मुलगा सुट्टी काढून त्यांना विमानाने घरी आणतो.

मेडिगॅपमध्ये प्लॅन जी घ्यावा की एन? आणि राज्य बदललं तर?

प्लॅनची अक्षरं जवळजवळ सगळीकडे सारखीच आहेत. फक्त मॅसॅच्युसेट्स, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या राज्यांची रचना वेगळी आहे. प्लॅन जीमध्ये पार्ट बीचं डिडक्टिबल सोडलं तर मेडिकेअर मान्य करेल त्या उपचारांत खिशातून जवळपास काही जात नाही. एन स्वस्त असतो, पण त्यात डॉक्टरच्या भेटीला २० डॉलरपर्यंत आणि इमर्जन्सी रूमला ५० डॉलरपर्यंत द्यावे लागतात. शिवाय मेडिकेअरचा दर न स्वीकारणारा डॉक्टर १५ टक्क्यांपर्यंत जादा आकारू शकतो, ती रक्कम प्लॅन एन देत नाही, प्लॅन जी देतो. अनोळखी राज्यात नवा डॉक्टर शोधताना हा फरक जाणवतो. आम्ही प्लॅन जी घेतला.

एकदा घेतलेली पॉलिसी प्रीमियम भरत राहिलात तर कंपनी रद्द करू शकत नाही, आणि दुसऱ्या राज्यात गेलात तरी ती तुमच्यासोबत येते. दर मात्र बदलू शकतो. न्यू यॉर्कमध्ये सगळ्या वयांना एकच दर असतो. फ्लोरिडात पॉलिसी घेताना जे वय असेल त्यावर दर ठरतो. इतर अनेक राज्यांत वय वाढेल तसा दर चढत जातो. ‘मेडिकेअर सिलेक्ट’ नावाचा मेडिगॅपचा एक प्रकार आहे. तो स्वस्त असतो, पण ठरावीक हॉस्पिटलांपुरताच. आपल्यासारख्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

पत्ता कुठला द्यायचा?

खरा. जिथे तुमचं कायमचं घर आहे तो. घरं दोन असली तरी कायद्याच्या नजरेत कायमचा मुक्काम एकाच राज्यात असतो. ड्रायव्हिंग लायसन्स, मतदार यादी, टॅक्स रिटर्न, सोशल सिक्युरिटीकडचा पत्ता आणि विम्याचा पत्ता या सगळ्यांवर तेच राज्य हवं.

फ्लोरिडात इन्कम टॅक्स नाही म्हणून कागदोपत्री तिकडचे व्हायचं आणि विमा मात्र न्यू यॉर्कचा ठेवायचा, असं करणारे भेटतात. न्यू यॉर्कमध्ये तुमचं कायम वापरात असलेलं घर असेल आणि वर्षात १८३ दिवसांपेक्षा जास्त तिथे राहिलात, तर ते राज्य तुम्हाला रहिवासी धरून टॅक्स मागतं. दिवस मोजायची वेळ आली की डॉक्टरच्या भेटींच्या तारखाही पुरावा ठरतात. आणि मुक्काम हलवला की त्या राज्याच्या सवलतीही जातात. न्यू जर्सीची पाड योजना किंवा न्यू यॉर्कची एपिक योजना, ज्यांतून ज्येष्ठांना औषधांसाठी मदत मिळते, त्या तिथल्या रहिवाशांपुरत्याच आहेत. टॅक्सची बचत मोजताना ही वजाबाकी करायला विसरू नका.

औषधांचं काय? दोन्हीकडे मिळतात का?

मिळतात, पण आधी तयारी हवी. पार्ट डी निवडताना दोन्ही घरांचे झिप कोड टाकून बघा. नेटवर्कमधली फार्मसी दोन्हीकडे असते, पण कमी दराची ‘प्रेफर्ड’ फार्मसी एका ठिकाणी कोपऱ्यावर आणि दुसऱ्या ठिकाणी वीस मैलांवर असू शकते. मोठ्या साखळीची फार्मसी असेल तर प्रिस्क्रिप्शन त्यांच्या संगणकावर सगळीकडे दिसतं. फोन करून फ्लोरिडाच्या दुकानात हलवून घ्यायचं, एवढंच. दोन वेगळ्या दुकानांत औषधं वाटून घेऊ नका. एका औषधाचं दुसऱ्याशी जमत नाही, हे फार्मासिस्टच्या लक्षात येण्यासाठी सगळी यादी त्याच्यासमोर असावी लागते.

निघायच्या आधी ९० दिवसांचा साठा घ्या. मुदतीआधी रिफिल लागत असेल तर फार्मसीला ‘व्हेकेशन ओव्हरराइड’ मागा; बऱ्याच प्लॅनमध्ये तो मिळतो. टपालाने औषधं येत असतील तर निघण्याच्या महिनाभर आधी पत्ता बदला. एका वर्षी आमचं इन्शुलिन न्यू जर्सीच्या बंद घरी पोचलं. जानेवारी होता. शेजारणीने पाच दिवसांनी मेलबॉक्स उघडला तेव्हा पेनांतलं औषध गोठून गेलं होतं. गोठलेलं इन्शुलिन परत वितळलं तरी वापरायचं नसतं, सगळं फेकून द्यावं लागलं. फ्लोरिडात याच्या उलट होतं, उन्हातल्या पेटीत ते तापून निकामी होतं. तेव्हापासून इन्शुलिन टपालाने मागवत नाही, दुकानातून हातात घेते.

काही औषधांवर राज्यांचे नियम वेगळे असतात. मधुमेहात पायांची जळजळ होते त्यासाठी गॅबापेंटिन देतात. केंद्राच्या कायद्यात ते नियंत्रित औषध नाही, पण केंटकी, टेनेसी आणि व्हर्जिनियात आहे. झोपेच्या गोळ्या आणि दुखण्याची कडक औषधं तर सगळीकडेच नियंत्रित असतात, आणि परराज्यातल्या डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन पाहून फार्मासिस्ट थबकतो. अशा औषधांसाठी दुसऱ्या राज्यातही एक डॉक्टर आधीच गाठून ठेवा.

खर्चाच्या बाजूने एक दिलासा आहे. २०२५ पासून पार्ट डीमधल्या औषधांवर वर्षभरात खिशातून जाणाऱ्या रकमेला मर्यादा आली. २०२६ साठी ती २,१०० डॉलर आहे. इन्शुलिनला महिन्याला ३५ डॉलरपेक्षा जास्त द्यावं लागत नाही.

दोन्हीकडे वेगवेगळे डॉक्टर ठेवावेत का?

हो, पण सूत्रं एकाच्याच हाती हवीत. आमचे न्यू जर्सीचे फॅमिली डॉक्टर मुख्य. फ्लोरिडातले डॉक्टर काही बदल करतात तेव्हा त्याची नोंद तिकडे पाठवून घेते, आणि एप्रिलात परतल्यावर पहिल्याच आठवड्यात औषधांच्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून घेऊन जाते. यादी नव्हे, बाटल्याच. एकदा त्यातूनच कळलं की रक्तदाबाची एकच गोळी दोन नावांनी, दोन डॉक्टरांकडून चालू होती. ह्यांना उठल्यावर चक्कर यायची आणि आम्ही ती वयावर ढकलत होतो.

नव्या राज्यातल्या डॉक्टरची पहिली भेट आजारी पडायच्या आधी घ्या. नव्या पेशंटला महिनोन्महिने तारीख मिळत नाही. मेडिकेअरची मोफत वार्षिक वेलनेस भेट वर्षातून एकदाच मिळते, ती दोन्हीकडे घेतली तर दुसरीचं बिल तुमच्या अंगावर पडतं. कुठे घ्यायची ते ठरवा आणि दुसऱ्या ठिकाणी वेळ घेतानाच तसं सांगा.

लशींचीही तीच गत. लशींच्या नोंदी ठेवणाऱ्या व्यवस्था राज्याराज्यांच्या आहेत, म्हणून न्यूमोनिया आणि शिंगल्सच्या लशी कधी घेतल्या ते स्वतःच्या कागदावर असू द्या.

मेडिकल रेकॉर्ड सोबत नेमके कुठले ठेवायचे?

यावर मी सविस्तर लिहिणार, कारण एका कागदाने आमची एक रात्र तारली आहे.

फ्लोरिडात, पहाटे दोनच्या सुमाराला ह्यांच्या छातीत दुखू लागलं. ॲम्ब्युलन्स, इमर्जन्सी रूम, ईसीजी. तरुण डॉक्टर पट्टी हातात घेऊन आल्या आणि म्हणाल्या, हृदयाच्या डाव्या बाजूचा विद्युतमार्ग अडलेला दिसतोय, हे आधीपासून आहे की आजचं? आजचं असेल तर तो मोठ्या हार्ट ॲटॅकचा इशारा असू शकतो. जुनं असेल तर पुढची दिशा वेगळी. दोन्ही राज्यांतल्या हॉस्पिटलांचे संगणक एकमेकांशी बोलत नव्हते, आणि आमच्या डॉक्टरांचं ऑफिस उघडायला सात तास होते. माझ्या फोनमध्ये दोन वर्षांपूर्वीच्या ईसीजीचा फोटो होता. कार्डिऑलॉजिस्टच्या रिसेप्शनवर सहज काढलेला. तो दाखवला. डॉक्टरांनी दोन्ही पट्ट्या शेजारी धरून बोटाने एकेक लाट तपासली आणि म्हणाल्या, ‘हे जुनंच आहे.’ रक्ताच्या चाचण्या झाल्या, रात्रभर निरीक्षण झालं, पण कॅथ लॅबची, म्हणजे नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासायची, धावपळ टळली.

म्हणून ज्याला हृदयाचा त्रास आहे त्याने शेवटच्या ईसीजीचा स्वच्छ फोटो फोनमध्ये ठेवावाच. त्याबरोबर औषधांची यादी डोससकट, ॲलर्जी, शेवटचा इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी), स्टेंट किंवा पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड, शस्त्रक्रियांच्या तारखा. ‘एक गुलाबी गोळी’ असं लिहून उपयोग नाही, नाव हवं. आणि ते इंग्रजीत हवं. घाईत मराठीत खरडलेली यादी तिथल्या नर्सला वाचता येत नाही. घरात तीच प्रत फ्रिजच्या दारावर लावा, ॲम्ब्युलन्सवाले तिथे बघतात.

मायचार्ट हे मेडिकल रेकॉर्ड दाखवणारं ॲप वापरत असाल तर दोन्हीकडची खाती एकमेकांशी जोडता येतात. त्यात ‘शेअर एव्हरीव्हेअर’ म्हणून सोय आहे. फोनवर एक कोड मिळतो, तो समोरच्या डॉक्टरला दिला की त्यांना तुमचं रेकॉर्ड तात्पुरतं दिसतं. हे घरी बसून एकदा करून बघा. स्ट्रेचरवर पडल्यापडल्या पासवर्ड आठवत नाही.

फ्लोरिडात बसून न्यू जर्सीच्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलता येईल का?

नियम असा की डॉक्टरचं लायसन्स पेशंट बसलाय त्या राज्याचं हवं, किंवा त्या राज्याने तशी मुभा दिलेली हवी. काही डॉक्टर दोन राज्यांचं लायसन्स ठेवतात, काही ऑफिसं साफ नकार देतात. कॉल सुरू झाल्यावर ‘तुम्ही आत्ता कुठे आहात’ असं विचारतात, तेव्हा खोटं सांगू नका. निघायच्या आधीच ऑफिसला विचारून घ्या.

आमचं वय अजून ६५ नाही. लवकर निवृत्ती घेतली तर?

तेव्हा बहुधा मार्केटप्लेसचा, म्हणजे सरकारी विमा-बाजारातून घेतलेला, प्लॅन असतो, आणि तो राज्याचाच नव्हे तर त्या भागाचा असतो. बहुतेक प्लॅन एचएमओ किंवा ईपीओ (त्यातही नेटवर्कबाहेरचे डॉक्टर चालत नाहीत), दुसऱ्या राज्यात इमर्जन्सीपलीकडे काही नाही. कायमचा मुक्काम बदलला तर साधारणपणे ६० दिवसांत नवा प्लॅन घेता येतो. कोब्रा, म्हणजे नोकरी सुटल्यावर स्वतः पैसे भरून चालू ठेवलेला कंपनीचा विमा, चालू असेल आणि कंपनीचं नेटवर्क देशभर असेल तर ती काही काळ सोयीची पडते. पण ६५ झाल्यावर कोब्राच्या भरवशावर पार्ट बी लांबवू नका. चालू नोकरीचा विमा आणि कोब्रा मेडिकेअरच्या लेखी एक नाहीत, आणि उशिराचा दंड जन्मभर भरावा लागतो.

जुन्या कंपनीचा निवृत्तांसाठीचा प्लॅन आहे. तो सोडावा का?

आधी वाचा. मोठ्या कंपन्यांचे आणि राज्य सरकारांचे ग्रुप पीपीओ पुष्कळदा देशभर एकाच दराने चालतात, मग आपल्याला आणखी काय हवं? एकदा सोडला तर बहुतेक ठिकाणी परत घेत नाहीत.

आई-बाबा मुलाकडे ग्रीन कार्डवर आले आहेत. ते दोन मुलांकडे आलटून पालटून राहतात. त्यांचं कसं?

ज्यांनी इथे नोकरी केलेली नाही त्यांना, वय ६५ आणि ग्रीन कार्डवर सलग पाच वर्षं इथे राहणं पूर्ण झाल्यावर मेडिकेअर विकत घेता येतं. पार्ट ए मोफत नसतो. २०२६ साली त्याचा पूर्ण प्रीमियम महिन्याला ५६५ डॉलर आहे, आणि पार्ट बीचे २०२.९० डॉलर वेगळे. मुलाच्या नोकरीचे क्रेडिट (ज्यांच्या जोरावर पार्ट ए मोफत मिळतो) आई-वडिलांना चालत नाहीत, नवरा-बायकोचे एकमेकांना चालतात.

मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्न असलेल्यांचा सरकारी विमा, मात्र राज्याचं असतं. न्यू जर्सीचं मेडिकेड टेक्ससमध्ये नेता येत नाही, आणि दोन राज्यांचं एकाच वेळी घेताही येत नाही. मुक्काम हलला की जुनं बंद करून नव्या राज्यात अर्ज करायचा, आणि पात्रतेचे नियम तिथे निराळे असतात. आई तीन महिने या लेकाकडे, तीन महिने त्या लेकीकडे, हे प्रेमापोटी ठीक आहे, पण मेडिकेडवर असलेल्या आईचा मुक्काम एका राज्यात पक्का ठेवा. भावंडांनी हे एकत्र बसून ठरवावं. आजारपणात ठरवायला गेलात तर त्यात कडवटपणा येतो.

आम्ही वर्षातले चार महिने पुण्यातही असतो. मेडिकेअर तिथे?

नाही. काही अगदी मोजके अपवाद सोडले तर मेडिकेअर अमेरिकेबाहेर पैसे देत नाही. मेडिगॅपच्या सी, डी, एफ, जी, एम आणि एन या प्लॅनमध्ये परदेशातल्या इमर्जन्सीचं संरक्षण असतं: प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांत, २५० डॉलरच्या डिडक्टिबलनंतर ८० टक्के, आणि आयुष्यभरात एकूण ५०,००० डॉलरपर्यंत. चार महिन्यांच्या मुक्कामाला ते अपुरं आहे, म्हणून वेगळा ट्रॅव्हल विमा घ्या. आणि बिलं जपा, सही-शिक्क्यासकट, आयटमवार.

तिकडे राहताना ‘वापरतच नाही तर कशाला भरायचं’ म्हणून पार्ट बी बंद करू नका. परत चालू करताना बंद राहिलेल्या दर बारा महिन्यांमागे दहा टक्के दंड लागतो आणि तो कायम राहतो. पार्ट डीलाही दंड आहे.

हेल्थ केअर प्रॉक्सी एका राज्यात केली आहे. दुसऱ्यात चालेल?

आपल्याला बोलता येत नसेल तेव्हा उपचारांचे निर्णय कुणी घ्यायचे, हे ठरवून देणारा हा कागद. बहुतेक राज्यं दुसऱ्या राज्यात नीट केलेला कागद मानतात, फ्लोरिडाही मानतं. पण नावं वेगळी आहेत. न्यू यॉर्कमध्ये प्रॉक्सी, तर फ्लोरिडात सरोगेट. मध्यरात्री हॉस्पिटलच्या माणसाला ओळखीचा फॉर्म दिसला की काम भराभर होतं. म्हणून आम्ही आमच्या दोन्ही राज्यांचे, न्यू जर्सीचे आणि फ्लोरिडाचे, फॉर्म केले, दोन्हींवर तीच नावं. फ्लोरिडात दोन साक्षीदार लागतात, आणि त्यांतला किमान एक जोडीदार किंवा रक्ताचा नातेवाईक नसावा.

श्वास थांबल्यास पुन्हा सुरू करण्याचे प्रयत्न नकोत, अशी ज्यांची इच्छा असेल त्यांनी तर प्रत्येक राज्याचा स्वतंत्र फॉर्म डॉक्टरांच्या सहीने करावाच. फ्लोरिडात हा फॉर्म पिवळ्या कागदावर असतो आणि ॲम्ब्युलन्सवाले तो पिवळा कागदच शोधतात. आपल्याकडे या विषयावर घरात बोलणं अशुभ मानतात. आम्ही बोललो, मुलांना समोर बसवून. मुलगी रडली. पण आज तिला आमच्या मनात काय आहे ते माहीत आहे.

मुलांना डॉक्टरांशी फोनवर बोलता यावं म्हणून हिपाच्या (पेशंटची माहिती गुप्त ठेवण्याच्या कायद्याच्या) परवानगीचा फॉर्मही दोन्ही ठिकाणी भरून ठेवा.

निःपक्ष सल्ला कोण देतं?

प्रत्येक राज्यात शिप नावाची मोफत सेवा आहे. फ्लोरिडात तिला शाइन म्हणतात, कॅलिफोर्नियात हायकॅप. तिथले सल्लागार कमिशन घेत नाहीत. दोन राज्यं असतील तर दोन्हीकडे फोन करा, कारण मेडिगॅपचे नियम ज्याला त्याला आपल्याच राज्याचे नीट ठाऊक असतात. मेडिकेअरचा स्वतःचा नंबर १-८००-६३३-४२२७, चोवीस तास चालू असतो. बोलणं झाल्यावर तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचं नाव लिहून ठेवा. मराठी दुभाषा हवा असेल तर मागा, त्याचे पैसे पडत नाहीत.

आता दोन घरं झेपत नाहीत. एकाच राज्यात कायमचं जायचं ठरलं तर आधी काय?

ॲडव्हान्टेज किंवा पार्ट डी प्लॅनला निघण्याआधी कळवलं तर जाण्याच्या आधीच्या महिन्यापासून, गेल्यानंतरचे दोन पूर्ण महिने संपेपर्यंत नवा प्लॅन निवडता येतो. मेडिगॅप असेल तर तो चालू ठेवा आणि नव्या राज्यातला दर कंपनीकडून लेखी मागवा; स्वस्त पॉलिसी दिसली तरी नव्या कंपनीची मंजुरी हातात पडेपर्यंत जुनी सोडू नका. मोतीबिंदू किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली असेल तर ती जुन्या डॉक्टरांकडे उरकून, शेवटची फॉलो-अप भेट झाल्यावर निघा. आणि घर विकायला काढण्याआधी नव्या गावातल्या फॅमिली डॉक्टरांची पहिली तारीख घेऊन ठेवा.